एका हंगामाचे चार रविवार : नौपाड्यातील एका अभ्यासवर्गाविषयी

ठाण्यात नौपाड्यातील एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, गोखले रस्त्यापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर असलेल्या छोट्या सभागृहात, गेल्या महिन्यात ओळीने चार रविवार एक अभ्यासवर्ग झाला. विषय होता शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा १९६२-६३ चा हंगाम. शुल्क माणशी ८०० रुपये, शाळकरी मुलांसाठी निम्मे. वेळ संध्याकाळी ५ ते ७. वर्ग घेणारे सर निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत आणि अशा प्रकारचा वर्ग ते स्वतःच्या हौसेने, कोणत्याही संस्थेचा आधार न घेता चालवतात. मी चौदा वर्षांच्या भाच्याला घेऊन चारही दिवस हजर होते. पैसे आणि वेळ दोन्ही सार्थकी लागले असे मी आरंभीच सांगते; तक्रारीही आहेत, त्या पुढे येतील.

जाण्यापूर्वी माझ्या मनात एक शंका होती. अमेरिकेतील वर्णभेद आणि खेळ या विषयावर जे काही आपल्याकडे बोलले जाते, ते बहुधा बोधकथेच्या वळणाने जाते. अन्याय होता, एक शूर संघ आला, त्याने सामना जिंकला आणि अन्याय हटला, असा तो सरळ प्रवास असतो. त्यात खेळ कसा झाला याला काहीच किंमत उरत नाही. मी महाविद्यालयात असताना चार वर्षे बास्केटबॉल खेळले आहे आणि ज्याने हा खेळ घामाघूम होऊन खेळला आहे, त्याला असे वरवरचे वर्णन ऐकवत नाही. सरांच्या वर्गाचे सर्वांत मोठे बलस्थान हेच की त्यांनी हा हंगाम बास्केटबॉलचा हंगाम म्हणूनच शिकवला. मैदानावर कोण उतरणार, कोण बाकावर बसणार, कोण कुठे मुक्काम करणार, कोणाला पाचवा फाउल मिळाला, चेंडू कोणाच्या हातात किती वेळ राहिला, अशा बारीकसारीक गोष्टींतून त्यांनी वर्णभेद दाखवला. तो कसा चालत असे आणि कुठे मोडला, हे त्यामुळे डोळ्यांपुढे उभे राहिले.

सभागृह साधे आहे. तीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फळा, एक प्रोजेक्टर आणि टेबलावर चक्क कॅरमचा बोर्ड. सरांनी बोर्डावर खडूने बास्केटबॉलचे मैदान आखले होते आणि वरून मोबाइलचा कॅमेरा लावून ते चित्र भिंतीवर टाकले होते. खेळाडू म्हणजे कॅरमच्या सोंगट्या. लॉयोलाच्या पहिल्या पाचांसाठी चार काळ्या सोंगट्या आणि एक पांढरी, समोरच्या संघासाठी पाच पांढऱ्या. पहिल्या दिवशी ही मांडणी पाहताच पुढे काय सांगायचे आहे ते लहान मुलालाही कळले. या सोंगट्यांकडे मला पुन्हा वळायचे आहे.

पहिला रविवार पार्श्वभूमीचा होता आणि तो उत्तम बांधलेला होता. त्या काळी अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एक अलिखित नियम होता की एका वेळी मैदानावर दोन, फार तर तीन कृष्णवर्णीय खेळाडू असावेत. तो कोठेही छापलेला नव्हता, तरी प्रशिक्षकांना तो पाठ होता. लॉयोलाचे प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनी तो पाळला नाही. न्यूयॉर्कहून जेरी हार्कनेस आणि रॉन मिलर आले. दक्षिणेतील नॅशव्हिल शहराच्या एकाच शाळेतून लेस हंटर आणि व्हिक राउस आले. पाचवा जॉन ईगन हा शिकागोचाच गोरा मुलगा. हार्कनेस संघनायक होता. शाळेत असताना त्याने बास्केटबॉलचा गंभीरपणे विचारही केला नव्हता आणि बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांच्या शाबासकीमुळे तो या खेळाकडे वळला, हे सरांनी सांगितले तेव्हा माझ्या भाच्याने वहीत पहिली ओळ लिहिली.

सरांनी याच दिवशी त्या काळचे नियम समजावून सांगितले आणि ते न सांगता पुढचा अंतिम सामना कोणालाच कळला नसता. अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तेव्हा फटका मारण्याला, म्हणजे चेंडू बास्केटकडे टाकण्याला, वेळेची मर्यादा नव्हती. ती पुरुषांच्या खेळात १९८५-८६ च्या हंगामात आली. तीन गुणांची रेषाही नव्हती. ती त्याच्या पुढच्या वर्षी आली. म्हणजे आघाडी घेतलेल्या संघाने चेंडू नुसता आपसांत फिरवत ठेवला, तरी पंच त्याला काही म्हणू शकत नसत, आणि मागे पडलेल्या संघाला लांबून फटका मारून झटपट भरपाई करण्याची सोय नव्हती. वर्गात आलेल्या दोन महाविद्यालयीन खेळाडूंना हे खरेच वाटेना. चोवीस सेकंदांत फटका मारायला लावणाऱ्या घड्याळावर वाढलेल्या मुलांना तो खेळ वेगळाच वाटणे स्वाभाविक आहे.

हंगामाच्या पूर्वार्धाला सरांनी योग्य तेवढाच वेळ दिला. डिसेंबर १९६२ मध्ये वायोमिंगविरुद्धच्या सामन्यात आयर्लंड यांनी राखीव खेळाडू आत पाठवताना एका क्षणी मैदानावर पाचही कृष्णवर्णीय खेळाडू ठेवले. अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये असे पूर्वी झाले नव्हते. तो एक साधा बदली खेळाडूचा निर्णय होता, त्यावर कोणी भाषण केले नाही, आणि म्हणूनच मला तो प्रसंग फार मोलाचा वाटला. न्यू ऑर्लिन्सच्या दौऱ्यात कृष्णवर्णीय खेळाडूंना संघासोबत एका हॉटेलात उतरता आले नाही आणि त्यांची सोय शहरातील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी करावी लागली. ह्यूस्टनमध्ये प्रेक्षकांनी त्यांना शिवीगाळ केली. हंगामाच्या मध्यावर दोन राखीव खेळाडू परीक्षेतील गुणांअभावी अपात्र ठरले आणि संघ मुळातच पाच-सहा माणसांचा उरला. ही शेवटची गोष्ट सरांनी फळ्यावर चौकटीत लिहून ठेवली आणि तिसऱ्या रविवारपर्यंत पुसली नाही.

दुसरा रविवार हा या वर्गाचा प्राण होता. मिसिसिपी राज्यातील मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ त्या काळी दक्षिणेतील बलाढ्य संघ होता. १९५९, १९६१ आणि १९६२ अशा तीन वर्षी आपल्या विभागात अव्वल येऊनही तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला नाही, कारण समोर कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ येण्याची शक्यता होती आणि राज्यातील विद्यापीठांनी अशा संघांशी खेळायचे नाही असा तिथला अलिखित दंडक होता. जिंकूनही घरी बसायचे आणि आपल्या जागी केंटकी विद्यापीठाच्या संघाला जाताना पाहायचे, हे त्या मुलांच्या वाट्याला तीनदा आले. १९६३ मध्ये ते पुन्हा विभागात पहिले आले. आदल्याच ऑक्टोबरात याच राज्यातील दुसऱ्या विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने प्रवेश घेतला, तेव्हा दंगल उसळून दोन माणसे मेली होती आणि त्याच्या रक्षणासाठी सैन्य आणावे लागले होते. त्या जखमा ओल्या असताना विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कॉलवर्ड यांनी २ मार्च १९६३ रोजी जाहीर केले की सक्षम अधिकाऱ्यांनी रोखले नाही तर आपला संघ स्पर्धेला जाईल.

पुढचा भाग सरांनी घड्याळ लावून सांगावा तसा सांगितला. उच्च शिक्षणाच्या राज्य मंडळाने कॉलवर्ड यांना पाठिंबा दिला. मग एक विद्यमान आणि एक माजी राज्य सिनेटर न्यायालयात गेले आणि १३ मार्चला संघाला राज्याबाहेर जाण्यास मनाई करणारा हुकूम त्यांनी मिळवला. हुकूम हाती पडला तर तो पाळावाच लागणार. तेव्हा तो हाती पडू नये अशी व्यवस्था करण्यात आली. कॉलवर्ड अलाबामात निघून गेले. प्रशिक्षक बेब मॅकार्थी आणि क्रीडा विभागाचे प्रमुख रात्रीच मोटारीने टेनेसी राज्यात मेम्फिसला पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहायकांनी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवले; तिथे कोणी अडवायला नाही अशी खात्री झाल्यावर मुख्य खेळाडूंना बोलावून घेतले आणि विमान नॅशव्हिलच्या दिशेने उडाले. दरम्यान राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून मनाई हुकुमाला स्थगितीही मिळाली. न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन दारात येण्याआधी घर सोडणे ही गोष्ट आपल्याकडे सहसा कर्ज बुडवणाऱ्यांच्या संदर्भात ऐकू येते. येथे एका विद्यापीठाचे अध्यक्ष आणि प्रशिक्षक एका सामन्यासाठी तसे वागले, आणि आपल्या नोकऱ्या पणाला लावून वागले.

१५ मार्च १९६३ रोजी मिशिगन राज्यातील ईस्ट लान्सिंग येथे सामना झाला. सुरुवातीला दोन्ही संघनायक मध्यवर्तुळात आले आणि हार्कनेस व मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड यांनी हात मिळवले. सरांनी त्या हस्तांदोलनाचे छायाचित्र भिंतीवर बराच वेळ ठेवले आणि स्वतः काही बोलले नाहीत. मी पहिल्या रांगेत असल्याने मला ते नीट पाहता आले. प्रत्येक सामन्याआधी संघनायक हात मिळवतातच. आम्ही महाविद्यालयात शेकडो वेळा मिळवला असेल आणि एकदाही समोरच्या मुलीचा चेहरा लक्षात ठेवला नसेल. त्या एका सवयीच्या कृतीसाठी छायाचित्रकारांनी मध्यवर्तुळाभोवती गर्दी करावी आणि त्यांच्या दिव्यांचा लखलखाट व्हावा, यातच त्या दिवसाचे वेगळेपण आले.

सामन्याचे विवेचन तितकेच चांगले होते. मिसिसिपी स्टेटने सुरुवातीलाच ७-० अशी आघाडी घेतली. त्यांचा खेळ संथ आणि शिस्तीचा, तर लॉयोला हा त्या हंगामात देशात सर्वाधिक सरासरीने गुण करणारा संघ. त्याला धावायला मोकळे मैदान मिळू द्यायचे नाही हीच मॅकार्थींची आखणी होती आणि ती बराच वेळ चालली. मध्यंतराला लॉयोला २६-१९ असा पुढे होता. उत्तरार्धात मिसिसिपी स्टेटचा सर्वोत्तम खेळाडू लीलँड मिचेल पाच फाउल होऊन बाहेर गेला आणि तिथून सामना हातचा सुटला. लॉयोला ६१-५१ ने जिंकला. सामना स्वच्छ झाला, मारामारी झाली नाही, आणि ज्यांना खेळू द्यायचे नव्हते त्यांची सगळी भीती निराधार ठरली. याआधीच्या फेरीत लॉयोलाने टेनेसी टेकला १११-४२ असे हरवले होते. ६९ गुणांचा तो फरक त्या स्पर्धेत आजही विक्रम आहे. सरांनी तो दोन मिनिटांत आटोपला, आणि ते मला पटले, कारण एकतर्फी सामन्यात शिकण्यासारखे थोडे असते.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र याच रविवारचा आहे. मिसिसिपी स्टेटच्या खेळाडूंचे आणि अध्यक्षांचे कौतुक करताना सर एक गोष्ट सांगायची विसरले, की त्या दिवशी त्या विद्यापीठात एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता. संघ मिशिगनला जाऊन कृष्णवर्णीयांशी खेळला आणि परत आला तो केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या आवारात. रिचर्ड होम्स हा तिथला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६५ मध्ये दाखल झाला. सामना खेळणे आणि शेजारच्या बाकावर बसू देणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये येथे दोन वर्षांचे अंतर होते. मी वर्ग संपल्यावर सरांना हे विचारले, तेव्हा त्यांनी ते लगेच मान्य केले आणि पुढच्या रविवारी सुरुवातीलाच सर्वांना सांगितले. शिक्षकाचा हा मोकळेपणा मला आवडला. तरीही पुढच्या तुकडीला हे कोणी विचारण्याची वाट पाहावी लागू नये, ते दुसऱ्या दिवसाच्या टिपणातच छापलेले असावे, असे मला आग्रहाने वाटते.

तिसरा रविवार अंतिम सामन्याचा. उपांत्यपूर्व फेरीत इलिनॉय, उपांत्य फेरीत ड्यूक असे संघ मागे टाकून लॉयोला २३ मार्चला केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे सिनसिनाटीसमोर उभा राहिला. सिनसिनाटी हा आधीची सलग दोन वर्षे विजेता असलेला, बचावात देशात अव्वल संघ होता, आणि त्याच्या पहिल्या पाचांत तीन कृष्णवर्णीय खेळाडू होते. सरांनी सवयीप्रमाणे कॅरमवर सोंगट्या मांडल्या. लॉयोलाच्या चार काळ्या, एक पांढरी. सिनसिनाटीच्या तीन काळ्या, दोन पांढऱ्या. मग त्यांनी पहिली चाल समजावून सांगायला सोंगट्या हलवल्या आणि अर्ध्या मिनिटात भिंतीवर नुसता गोंधळ झाला. कोणती काळी सोंगटी कोणाची, ते दिसेना.

माझ्या भाच्याने हात वर करून विचारले, “सर, यातली लॉयोलाची कुठली आणि समोरची कुठली?”

“बरोबर विचारलंस, बाळ,” असे म्हणून सरांनी सगळ्या सोंगट्या गोळा केल्या, खिशातून कागदाच्या चिकटपट्ट्या काढल्या आणि प्रत्येक सोंगटीवर नावाचे पहिले अक्षर चिकटवले. हार्कनेस आणि हंटर दोघांचाही “ह” आल्यामुळे एकाला “हा” आणि दुसऱ्याला “हं” लिहावे लागले. राउस “रा”, मिलर “मि”, ईगन “ई”. त्यानंतरचा दीड तास आम्ही सोंगट्यांचा रंग पाहिलाच नाही, अक्षरेच वाचत राहिलो. सरांनी हे मुद्दाम योजले होते की ओघात घडले, हे मी त्यांना विचारले नाही. ते जसे घडले तसे माझ्या पूर्ण लक्षात राहील.

सामन्याचे विश्लेषण तर माझ्या ऐकण्यातील सर्वोत्तम होते. लॉयोलाचे फटके त्या दिवशी पडतच नव्हते. मध्यंतराला सिनसिनाटी २९-२१ ने पुढे होता आणि उत्तरार्धात ही आघाडी ४५-३० अशी पंधरा गुणांची झाली. पहिल्या रविवारचा नियम येथे कामी आला. फटक्याला वेळेची मर्यादा नसलेल्या खेळात पंधरा गुणांची आघाडी असलेल्या आणि चेंडू सांभाळण्यात वाकबगार असलेल्या संघाने चेंडू रोखून धरला की दुसऱ्याने करायचे काय? सिनसिनाटीने वेग कमी केला. पण त्यांचे प्रमुख खेळाडू फाउलच्या ओझ्याखाली होते आणि लॉयोलाने पूर्ण मैदानभर दाब टाकायला सुरुवात केली. सरांनी “हा” आणि “ई” या दोन सोंगट्या मध्यरेषेपाशी आणून ठेवल्या आणि चेंडू आणणाऱ्याला कडेच्या रेषेत कसे कोंडायचे ते दाखवले. आम्ही बास्केटबॉल खेळताना याला सापळा म्हणायचो. सापळ्यात पहिला माणूस अडवतो आणि दुसऱ्याने योग्य क्षणी यायचे असते, एक पाऊल लवकर आला तर पास निघून जातो आणि एक पाऊल उशिरा आला तर माणूस निघून जातो.

आकडे फळ्यावर लिहिले गेले तेव्हा वर्गात कुजबूज झाली. संपूर्ण सामन्यात लॉयोलाने ८४ फटके मारले आणि त्यांतले फक्त २३ पडले. सिनसिनाटीने ४५ मारले आणि २२ पाडले. इतकी वाईट नेमबाजी करणारा संघ जिंकतो कसा? उत्तर तिसऱ्या रकान्यात होते. सिनसिनाटीने चेंडू १६ वेळा गमावला, लॉयोलाने फक्त ३ वेळा. पाचही खेळाडूंनी जवळजवळ निर्दोषपणे चेंडू हाताळला, पुन्हा पुन्हा रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू, ओढले आणि हुकलेल्या प्रत्येक फटक्याच्या बदल्यात आणखी एक फटका मिळवला. आणि हे सगळे एकही बदली खेळाडू न घेता. फळ्यावरच्या चौकटीतील ओळीकडे सरांनी तेव्हा बोट केले. ४० मिनिटे आणि जादा वेळेची ५, अशी पूर्ण ४५ मिनिटे तेच पाच जण मैदानावर होते. आम्ही एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन मुली आजारी पडल्यामुळे पाच जणींनी पूर्ण सामना खेळलो होतो. शेवटच्या पाच मिनिटांत पाय स्वतःचे वाटत नाहीत, फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेला मोकळा फटका, मारताना हाताला कंप सुटतो आणि बाकावर कोणी नाही ही जाणीव श्वासाइतकीच जड होते. अंतिम सामन्यात, पंधरा गुणांनी मागे असताना, तसे खेळणे म्हणजे काय, ते मला आतून कळले.

शेवटचे क्षण सरांनी उपलब्ध चित्रफीत थांबवत थांबवत दाखवले. निर्धारित वेळ संपायला थोडे सेकंद उरले असताना लॉयोला एका गुणाने मागे होता आणि सिनसिनाटीच्या लॅरी शिंगलटनला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला पडला. दुसरा पडला असता तर त्या काळच्या नियमांत सामना तिथेच संपल्यात जमा होता, कारण तीन गुण एका फटक्यात मिळण्याची सोय नव्हती. तो हुकला. हंटरने रिबाउंड घेतला, चेंडू मिलरकडे, मिलरकडून हार्कनेसकडे, आणि हार्कनेसने बास्केट केली: ५४-५४. जादा वेळेत ५८-५८ अशी बरोबरी असताना लॉयोलाने शेवटच्या फटक्यासाठी चेंडू राखून ठेवला. हार्कनेस उडाला, समोरच्याचा हात चेंडूला लागला, तेव्हा हार्कनेसने तो हंटरकडे दिला. हंटरचा फटका कडीवरून बाहेर आला आणि राउसने तो हवेतच पकडून आत टाकला. ६०-५८. शेवटचा सेकंद उरला होता. सोंगट्यांच्या भाषेत सांगायचे तर “हा”, “हं”, “रा”. हा त्या तिघांचा क्रम माझा भाचा घरी जाताना रेल्वे स्थानकापर्यंत म्हणत होता.

चौथ्या रविवारी पुढच्या काळाचा आढावा होता. तीन वर्षांनी, १९ मार्च १९६६ रोजी, टेक्सस वेस्टर्न या महाविद्यालयाच्या संघाने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून केंटकीच्या सर्व गोऱ्या संघाला ७२-६५ ने हरवले आणि तोच सामना जगाच्या लक्षात अधिक राहिला. २०१३ मध्ये लॉयोलाच्या त्या संघाला व्हाइट हाउसमध्ये बोलावून अध्यक्ष ओबामांनी गौरवले. गोल्ड आणि हार्कनेस यांची ओळख पुढे वाढली. २०११ मध्ये गोल्ड यांच्या अंत्यविधीला हार्कनेस गेले, तेव्हा शवपेटीजवळ त्या हस्तांदोलनाचे छायाचित्र ठेवलेले त्यांना दिसले. हार्कनेस यांचे २०२१ मध्ये निधन झाले.

याच दिवशी सरांनी पळवणकर बाळू यांचा विषय काढला आणि तो काढल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पुण्यात हिंदू क्रिकेट संघासाठी गोलंदाजी करणाऱ्या या दलित खेळाडूने हाताळलेल्या चेंडूला मैदानावर सवर्ण सहकारी हात लावत असत. मात्र चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. हॉटेलातील खोली आणि चहाचे भांडे, मैदानावर एकत्र आणि मैदानाबाहेर वेगळे, हे साम्य इतके नेमके आहे की त्याला वीस मिनिटे फारच अपुरी होती. तिसऱ्या रविवारी चाळीस मिनिटे जास्तीचे चाललेले व्याख्यान आवरून ती वेळ येथे दिली असती तर वर्ग अधिक समतोल झाला असता. वर्गातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी आपल्या गावातील शाळेच्या कबड्डी संघाबद्दल बोलायला सुरुवात केली होती आणि वेळेअभावी त्यांना थांबावे लागले; मला ते ऐकायचे होते.

आता व्यवस्थेबद्दल. प्रोजेक्टरचा आवाज इतका मोठा आहे की मागच्या तीन रांगांना सरांचे बोलणे अर्धेच पोहोचते आणि ध्वनिक्षेपक पहिल्या दोन रविवारी नव्हताच. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली तळमजल्यावरच्या रखवालदाराकडून आणावी लागत असे. दोन तासांच्या कार्यक्रमाला हे शोभत नाही आणि वर्गात आम्ही सहाच स्त्रिया होतो त्याच्या कारणांत अशाही गोष्टी असतात, हे आयोजकांनी मनावर घ्यावे. छापील टिपण ११ पानांचे, उपयुक्त, पण एके ठिकाणी अंतिम सामन्याचे वर्ष १९६२ असे पडले आहे आणि खेळाडूंची नावे दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिली आहेत. चहा मात्र वेळेवर आणि चांगला आलेला होता.

हा वर्ग कोणी करावा? बास्केटबॉल खेळणाऱ्या किंवा खेळलेल्या प्रत्येकाने. सापळा, रिबाउंड आणि फाउलचा हिशेब येथे जितका शिकायला मिळतो तितका आमच्या काळात मैदानावरही कोणी शिकवला नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही करावा, पण त्यांनी पहिला रविवार चुकवू नये, नाही तर पुढचे काही कळणार नाही. दहा-अकरा वर्षांखालच्या मुलांना दोन तास जड जातील. ज्यांना फक्त भाषण ऐकायचे आहे आणि आकड्यांचा कंटाळा आहे, त्यांनी तिसऱ्या दिवसाची तयारी मनाशी करून यावे.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असून नोंदणी सभागृहाच्या दाराशी, वहीत नाव लिहून, होते. खिडकीच्या बाजूची पहिली रांग घ्यावी. कॅरमचा बोर्ड भिंतीवर दिसतोच, पण तिथून तो टेबलावरही दिसतो आणि सोंगट्यांवरची अक्षरे वाचता येतात.